अण्णांची पाठ

अण्णा, जयभीम.

ड्युटीला जायची घनसावंगीची जीप आली, म्हणून लिहून चाललेय. खरं म्हणजे तुमच्या तोंडाकडं बघायची हिंमतच न्हाई.

माझ्या कॅथलिक विद्यापीठाच्या एमएस्सी नर्सिंगला ड्रेसिंगचा व्हिडिओ द्यायचा होता. तुमच्या पाठीची जखम धुताना मी तो गुपचूप काढला. काल ऑनलाइन क्लासात तो लागला. शिकवणाऱ्या नन सिस्टरनी विचारलं, "पेशंटची परवानगी घेतली ना?" मी बिनदिक्कत हो म्हणाले. तुम्ही मागं कॉटवर सगळं बघत होतात.

दवाखान्यात साधी सुई टोचायची तरी मी आधी विचारते. सासऱ्याला काय विचारायचं, असं वाटलं. आणि तुम्ही तर दारात कुणी आलं तरी गळ्यापर्यंत बटणं लावणारे मास्तर.

सकाळी ड्रेसिंगला आले तर "राहू दे, पोरी" म्हणालात. रागावला असतात तर बरं झालं असतं.

सिस्टरना खरं लिहून कळवलंय, तिकडचा व्हिडिओही काढून टाकायला सांगितलाय. नापास केलं तर करू द्या. मोबाईल उशाशी ठेवलाय, त्यातला व्हिडिओ तुम्ही स्वतः पुसा.

भाकरी दुरडीत आहे. जेवल्यावर गोळी घ्या. दुपारी शेजारचा वसंता कंपाउंडर ड्रेसिंगला येईल. शर्टाला हात लावायच्या आधी अण्णांना विचार, असं त्याला बजावून सांगितलंय.

पायल