सुनेची गोळी आणि सासऱ्याचा चहा

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र,
ता. वरुड, जि. अमरावती.

विषय : कोणताही आजार नसताना अर्जदारास औषधचिठ्ठी मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदार सुनेस घेऊन आपणांकडे आला, ती गेल्या गुरुवारची भेट.

महोदय,

१. अर्जदार नत्थू रामराव फुटाणे हा पंचायत समितीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाला असून सध्या संत्र्याचा बगीचा सांभाळतो. उठल्याबरोबर चहा न मिळाल्यास तो घरात कोणाशी बोलत नाही, हे गावात कोणीही सांगेल.

२. अर्जदाराच्या घरी वडिलांपासूनची रीत अशी की, पहिला चहा सर्वांनी एकत्र घ्यायचा. एक जरी माणूस बाकी असेल तरी कोणी कप तोंडाला लावायचा नाही. सूनबाई सौ. प्राजक्ता यांचा थायरॉईड कमी निघाला आणि गोळी उपाशीपोटी घेऊन तासभर चहा घेऊ नये, असे आपण फर्मावले. परिणामी अख्खे घर तासभर बंद शेगडीकडे बघत बसू लागले. रोज पेपर वाचायला येणारे शेजारी फारुखभाई "हम घरसेच पीके आते भाऊ" असे सांगून मोकळे झाले.

३. आठवडाभरात सूनबाई "पहाटेच घेतली गोळी, झाला तास" असे म्हणू लागल्या व चहा पूर्ववत वेळेवर आला. अर्जदाराने चौकशी केली नाही. सोयीच्या बातमीची चौकशी करण्याची सवय त्याला नोकरीतही नव्हती.

४. इतर पथ्य चोख पाळले. पत्नी मैनाबाईने थायरॉईडला वाईट म्हणून बंद केलेली पत्ताकोबी आपल्या सांगण्यावरून शिजवून सुरू केली, पुतण्या किशोरने अकोल्याहून आणलेली समुद्री शेवाळाची पुडी फेकली, लोहाची गोळी दुपारवर नेली. तरीही रिपोर्ट सुधारेना. सूनबाई भाजी निवडता निवडता बसल्या जागी झोपू लागल्या.

५. गुरुवारी आपण चहाची वेळ विचारली, तेव्हा सूनबाई खाली बघत म्हणाल्या, "गोळीवर लगेच घेतो जी. मामाजी थांबतेत माह्यासाठी, अन् त्यायचं डोकं दुखते." मामाजी म्हणजे सासरा, अर्थात अर्जदार; त्यास तेथेच मेल्याहून मेल्यासारखे झाले.

६. अर्जदाराने घरी येऊन "मी आधी पिऊन घेत जाईन" म्हटले, तर "माह्यापायी रीत मोडू नका" असे उत्तर मिळाले. थांबतो म्हटले, तर त्याचे उतरलेले तोंड बघून त्या पुन्हा शेगडी पेटवतात. सूनबाई स्वतःचे पथ्य मोडतात, पण दुसऱ्याच्या पथ्यापुरता डॉक्टरांचा कागद मानतात.

सबब विनंती की, अर्जदाराच्या केसपेपरवर "उठल्यावर तासभर पाण्याशिवाय काही घेऊ नये" असे आपल्या सहीने लिहून द्यावे. आजाराचे नाव आपणांस योग्य वाटेल ते घालावे, अर्जदाराची हरकत नाही. सूनबाईंची गोळी जन्मभराची आहे, असे आपण सांगितले आहे. अर्जदाराची चिठ्ठीही जन्मभराचीच द्यावी.

आपला नम्र व तूर्त बिनचहाचा,
(सही)
नत्थू रामराव फुटाणे
दिनांक : १४ जुलै २०२५

सोबत : १) सूनबाईंचे रिपोर्ट. २) अर्जदाराचा केसपेपर, कोरा.