ताईचं भलं मागताना

१४ जून

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तुमच्याकडेही असेल, असं लिहायची पद्धत आहे. खरं तर तीन वर्षांत मी विचारलेलंच नाही.

काम जोरात आहे. लोकांचे दात पडताहेत, कवळ्या करून माझी चूल पेटते आहे. मात्र माझ्यात काहीतरी बिघाड झालाय, किंवा दुरुस्ती. तू पहिल्यापासून चौकस, म्हणून तुलाच विचारतो.

झालं असं, की माझ्या चिडचिडीला कंटाळून बायको म्हणाली, "ज्याचा राग येतो ना, त्याच्यासाठी रोज पाच मिनिटं प्रार्थना करा." मी हसलो. देवाचं आणि माझं कधी जमलं नाही, तुला ठाऊक आहे. पण म्हटलं, बघू तरी. राग अर्थात तुझा होता.

पहिला आठवडा "ताईला सुबुद्धी दे" एवढंच म्हणायचो. मजा यायची. मग एक आजीबाई कवळी टोचते म्हणून आल्या. एरवी मी "होईल सवय" म्हणून वाटेला लावतो. त्या दिवशी खुर्ची दिली, "नेमकं कुठे?" विचारलं आणि तिथे केसभर घासून दिलं. बायको बघतच राहिली.

ही करामत प्रार्थनेची, की नुसत्या शांत बसण्याची? म्हणून पुढचा आठवडा नुसता डोळे मिटून बसलो. तिसऱ्याच दिवशी मला कवळ्यांचं काम देणाऱ्या दातांच्या डॉक्टरांशी कडाक्याचं भांडण झालं, आणि त्या तिरमिरीत एकाच्या वरच्या कवळीबरोबर दुसऱ्याची खालची पाठवली. मुकाट्याने पुन्हा प्रार्थना सुरू केली.

पण आता 'सुबुद्धी' तोंडात येईना. "तिला सुखी ठेव" म्हणू लागलो. आणि परवा पुढचं वाक्य आपोआप आलं: "मी तिला खोटं सांगितलं." देवाने ऐकलं का, माहीत नाही. मी ऐकलं.

आईच्या शेवटच्या आजारपणात तू रोज फोन करायचीस. मी म्हणायचो, "बरी आहे, धावपळ करू नकोस." ती बरी नव्हती. सगळं एकट्या मुलाने केलं, असं लोकांनी म्हणावं, ही माझी हौस. नंतर सगळ्यांना सांगितलं, "बोलावलं, पण आली नाही." इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटू लागलं. तू सगळ्यांचे टोमणे ऐकलेस आणि माझं नाव घेतलं नाहीस. काल काकांना आणि मावशीला खरं काय ते सांगितलं. मावशी रडली.

शेवटच्या दुपारी आईने दोनदा तुझं विचारलं. मी म्हणालो, "निघाली आहे." मग ती दाराकडे तोंड करून पडून राहिली.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होतो. पण तेही खोटंच झालं असतं.

वाट बघणारा,
तुझा धाकटा