आईनं माग का सोडला

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय अक्का,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. छपराचे पत्रे बदलले, आता गळत नाही. आईला दिसतं कमी, पण जीभ शाबूत आहे. परवा तिनं डॉक्टरांनाच पथ्य सांगितलं.

मंगळवारी शाळेतल्या बाई आल्या होत्या. पूर्वी गावात घरोघरी माग होते, त्याची माहिती त्यांना लिहून घ्यायची आहे. आता विणणारं कुणी उरलं नाही, आईच शेवटची. मी चहा ठेवता ठेवता सांगून टाकलं, "गिरणीची पांघरुणं आली नि हे बंद पडलं."

"माझं त्यानं नाही बंद पडलं," आई म्हणाली.

बाईंनी वही सरसावली. "मग?"

"थोरलीच्या बाळाला कांबळं विणून पाठवलं. टोचतं म्हणाली. मग कोकराची लोकर आणली, बारीक कातली. चार महिने विणलं, उसवलं. मनासारखं मऊ होईना. शेवटी माग सोडून माळ्यावर टाकला."

चहा उतू गेला तरी मी तशीच उभी.

अक्का, तू असं कधी म्हणालीच नव्हतीस. तुला ते कांबळं मिळालंच नाही. आईनं पोस्टात टाकायला दिलं, ते मी माझ्या ट्रंकेत ठेवलं. त्याच वर्षी माझं बाळ पोटातच गेलं होतं. माझ्यासाठी तिनं एक धागाही लावला नव्हता. "आधी होऊ दे," म्हणाली होती. म्हणून केलं. कारण सांगतेय, माफी मागायला तोंड नाही.

आईला अक्षरओळख नाही, तुम्हा दोघींची पत्रं माझ्याच हातून जायची. "आईनं बाळाला काहीच नाही पाठवलं का गं?" असं तू विचारलंस, ती ओळ मी वाचलीच नाही. आणि "कांबळं पोचलं का?" असं आईनं विचारलं, तेव्हा तोंडाला आलं ते बोलले. एवढ्याशा शब्दानं तिचे हात थांबतील असं वाटलं नव्हतं.

बाई गेल्यावर आईला सगळं सांगितलं.

"म्हणजे टोचत नव्हतं?"

"नाही, आई."

"मला वाटलंच होतं." मग म्हणाली, "तिला लिही. मी सांगते ते नको. तू केलंस ते लिही."

ट्रंक उघडली. कांबळं कसरीनं खाल्लंय, पाठवण्याजोगं राहिलं नाही.

खाली शाळेतल्या बाईंचा पत्ता दिलाय. यापुढे तिथेच लिहीत जा. तुझी पत्रं आईला त्या वाचून दाखवतील, शब्द न् शब्द. मीच विनवलंय त्यांना.

धाकटी