कंदील, स्टूल आणि तुम्ही दोघं

अहो,

मी ड्युटीवर निघालेय. पणत्या तेल पिऊ नयेत म्हणून बादलीत भिजत घातल्यात. मागच्या वर्षीसारख्या, धुऊन झाल्या समजून पुसून ठेवू नका!

दिवाळी दारात आली तरी लेकाने केलेला आकाशकंदील तुमच्या अबोल्यापायी कपाटावर धूळ खातोय. आठवडाभर "त्याला सांग", "बाबांना सांग" ऐकून माझा जीव मेटाकुटीला आलाय. मी काय पोस्टमन आहे? आज त्याला स्वतः हाक मारा. आपलं स्टूल डगमगतं, तेव्हा तो चढेल आणि तुम्ही घट्ट धरा.

आणि हो, शेजारी चांगलं स्टूल मागायला जाऊ नका. वहिनींना मी बजावून ठेवलंय, द्यायचं नाही म्हणून.