बराबर झालं

साखरा,
४ डिसेंबर १९७४

तीर्थरूप दादास,
नर्मदेचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक. मायचे गुडघे धरतात, बाकी बरी आहे. हरभरा चांगला उगवलाय. शाळेत यंदा मला तिसरी दिली आहे आणि तिसरीला माझं एक अक्षर ऐकायचं नाही. नांदेडला गिरणी नीट चालू आहे ना? वहिनींना नि लेकरांना आठवण सांग. मी त्यांना पाहिलेलं नाही, तरी आठवण येते बरं का.

आता पत्राचं कारण. तालमीतल्या मंडळींना बापूंचा फोटो लावायचाय. खाली लिहायला 'पैलवानांनी किती कुस्त्या मारल्या' ते माझ्याकडे मागितलं. मास्तरीण ना मी! म्हणून बापूंची पेटी उघडली. आत जत्रेची हँडबिलं होती, वाळवीनं खाल्लेली. त्यांच्याखाली इनामाचे फेटे, एकूण अकरा. त्यातले दोन अख्खे आणि नऊ अर्धे, मधोमध फाडलेले. उंदरांवर आळ घ्यावा तर उंदीर इतकं सरळ फाडत नाहीत.

मायला विचारलं तर ती भाकऱ्या थापायला बसली. मग रविवारी हिंगोली गाठली, उत्तमसिंगकाकांकडे. तालमीत बापूंच्या जोडीला मेहनत करायचे ते. आता लेकाच्या सायकल दुकानात बाजेवर बसून असतात. अर्धा फेटा हातात दिला तर डोळ्यांना लावला. म्हणाले, कुस्ती निकाली निघाली नाही, तास उलटला, तर पंच दोघांना सोडवायचे आणि 'बराबर' पुकारायचे. इनाम निम्मं निम्मं. फेटा एकच असला की तिथंच फाडायचे. बापूंनी साऱ्या उमरीत दोनच कुस्त्या मारल्या. एकीत पाठ लागली, म्हणजे हरले. बाकी सगळ्या बराबर.

दादा, तुला आठवतं? बापू जत्रेहून आले की माय विचारायची, कसं झालं? जोडे काढता काढता ते म्हणायचे, "बराबर झालं." लगेच माय गूळ काढायची, तू परात घेऊन पुढं आणि मी तुझ्या मागं. आपल्याला वाटायचं, बराबर म्हणजे झकास, मारली! अख्ख्या गावाला आपण गूळ खाऊ घातला. एसटीत मला इतकं हसू आलं की शेजारची बाई सरकून बसली.

मग औंढ्याची जत्रा आठवली. तुझी पाठ लागली आणि चारचौघांत बापू तुला म्हणाले, "पैलवानाचं लेकरू माती लावून आलं." तू गेलास तो गेलासच, नऊ वर्षं झाली. आणि बोलणारा माणूस स्वतः दोनच कुस्त्या मारलेला! फार राग आला मला. पण भांडायला समोर माणूस तर पाहिजे.

घरी येऊन मायला सगळं सांगितलं. तिनं तवा उतरवला आणि म्हणाली, "मला काय ठावं न्हाई? पर लेकरं नाचून राहिली व्हती. त्यांचं मन काहून मोडू?"

आता जे लिहायचं ते चार दिवस टाळलं. मागच्या कार्डात मी लिहिलं होतं की बापू अचानक गेले, तार करायला वेळच मिळाला नाही. ते खोटं आहे. बापू आठ दिवस अंथरुणात होते. पाचव्या दिवशी सकाळी माय विहिरीवर गेली होती. मी त्यांना विचारलं, "बापू, दादाला बोलावू का?"

त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "बराबर."

आपल्या घरातला अर्थ मी घेतला. सगळं ठीक आहे, राहू दे. शेजारचे व्यंकटराव हिंगोलीला निघाले होते, तार करू का म्हणून दारात थांबलेसुद्धा. मी नको म्हटलं. खरं सांगू? तो अर्थ मला सोयीचा होता. नऊ वर्षं मी एकटीनं केलं होतं. तू आला असतास आणि तुला बघून ते हसले असते, तर ते मला सोसलं नसतं. त्यानंतर तीन दिवस ते होते. तीन दिवसांत नांदेडहून कुणीही येतं.

हे मी उत्तमसिंगकाकांनाही सांगितलं. त्यांनी दुकानातलं फिरतं चाक हातानं थांबवलं. मग म्हणाले, "बेटी, बराबर एकट्याची होत न्हाई. पंचानं पुकारलं की दोघं उठायचे, एकमेकाच्या गळ्यात पडायचे. समोरचा उठला न्हाई, तर कसली बराबर?"

बापूंना काय म्हणायचं होतं ते मला माहीत नाही. व्हय म्हणाले, नको म्हणाले, की तुझ्याबरोबरची कुस्ती सोडवून टाका म्हणाले. आता कुणाला विचारू? रात्रंदिवस तोच शब्द घोकत बसते.

फोटोखाली काय लिहायचं ते अजून दिलेलं नाही. माघात वर्षश्राद्ध आहे. ये असं म्हणायचा हक्क मी घालवला. तरी एक अर्धा फेटा धुऊन वेगळा ठेवलाय. आलास तर तुझा. नाही आलास तर तेही बराबरच आहे, पण इथं उठून उभी राहिलेली मी एकटीच असेन.

तुझी तार अडवणारी बहीण,
नर्मदा