लेकीसाठी शेकोटी

२ डिसेंबर
माझ्या हातची कामं: स्वयंपाकघरातल्या फळ्या (कललेल्या नाहीत, भिंतच वाकडी आहे), बाथरूमचं दार, लेकीचा पाळणा, पुढे तिचं अभ्यासाचं टेबल. कुणाकडे शिकायला गेलो नाही. आता शेकोटी. लेक शनिवारी येतेय, रविवारी विमान. नोकरी तिकडेच परदेशात, कायमची. वादळात पडलेलं मागचं झाड कापायचं, पुरुषभर उंच जाळ करायचा, आणि त्यापुढे बसून तिला म्हणायचं, नको जाऊस. शेकोटीपुढे माणूस मऊ पडतो.

३ डिसेंबर
सेकंडहँड चेनसॉ आणली. चेन स्वतः बसवली. मॅन्युअल उघडलं नाही. दोन तास चालवली. धूर भरपूर, कापलं बोटभर. लाकूड असामान्य कठीण आहे.

४ डिसेंबर, सकाळ
ही चहा घेऊन आली आणि म्हणाली, अहो, दाते उलट्या तोंडाचे दिसतायत. म्हटलं, तुझं शिलाई मशीन वेगळं, हे वेगळं. ती आत गेल्यावर चेन फिरवून बसवली. गरज नव्हती, पण प्रयोग करून पाहावा.

संध्याकाळ
लोण्यासारखं कापलं जातंय. मशीन आता रुळली.

५ डिसेंबर
शेजाऱ्यांची हातगाडी आणली. पहिल्याच ओंडक्याला तिचं चाक बसलं. गाडी मुळात कमजोर होती. शेजारी म्हणाले, हत्तीला शेकायचंय का? म्हटलं, मोठा जाळ म्हणजे मोठे ओंडके. मग सगळे पुन्हा अर्धे केले आणि लोळवत नेले. कंबर गेली. जाता जाता शेजाऱ्यांनी कापलेल्या तोंडावर तळवा ठेवला. म्हणाले, ओलं आहे हो, वर्षभर तरी वाळू द्या. रिटायर माणसाला सल्ल्यांची हौस असते.

६ डिसेंबर
ओंडक्यांपुढे टेबलफॅन लावला. सल्ल्यामुळे नव्हे. हिने विचारलं, त्यांना उकडतंय का? फॅन तीनवर केला.

७ डिसेंबर, शनिवार
लेक आली. वाळलीय. रचना पाहून म्हणाली, बाबा, केवढं हे! सातला पेटवली. पुठ्ठे जळले, रद्दी जळली, बाटलीभर रॉकेल जळलं. लाकडांच्या टोकांना फेस आला. धूर इतका की आम्ही तिघं एकमेकांना दिसेनासे झालो. तिला खोकला आला, तरी हसत म्हणाली, डास तरी गेले. म्हटलं, थांब, आता धरेलच. अर्धा तास थांबली. मग बॅग भरायची म्हणून दोघी आत गेल्या. मी फुंकत राहिलो. वाक्य पाठ होतं.

८ डिसेंबर
टॅक्सी वेळेआधी आली. तिला म्हटलं, स्वेटर वर ठेवलास ना? म्हणाली, ठेवला. डोळे लाल होते तिचे. धूर कालचा.

५ मार्च
ओंडके भिंतीशी रचलेत. दर रविवारी पालथे घालतो. पुढच्या डिसेंबरात फर्स्टक्लास पेटतील. लेकीला फोनवर तसं सांगितलं, डिसेंबरात येच म्हटलं. म्हणाली, रजा नाही मिळायची. तुम्ही दोघं या बाबा, महिनाभर राहा, आज भाव कमी आहे, लगेच काढते. म्हटलं, लाकडं कोण पालथी घालणार? मागे ही उभी होती, ओला हात पदराला पुसत.

दोन तिकिटं, जाऊन-येऊन. एक लाख चौसष्ट हजार. नको म्हणालो.