साडूच्या झाडावरची पाखरं

१ डिसेंबर, सकाळ
यंदाचा नाताळ इको-फ्रेंडली. ठरलं. प्लॅस्टिक बंद, चमकी बंद, थर्माकोल बंद. पशुपक्ष्यांना त्रास होईल असं काहीही करायचं नाही. उलट त्यांनाच पाहुणे म्हणून बोलवायचं.

कल्पना सर्वस्वी माझी. काल साप्ताहिकात साडूचा फोटो आला, 'पाखरांचा नाताळ' असा मथळा होता, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. राहतो शेजारीच. मधे कंबरेएवढं कुंपण. दोघी बहिणींना जवळजवळ राहायचं होतं. आम्हा दोघांना कोणी विचारलं नाही. साडू विमा विकतो. मरणाबद्दल इतकं गोड बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. दर नाताळात अंगणातल्या झाडाला दाण्यांच्या माळा बांधतो आणि झाड पाखरांनी भरून जातं. यात कसलं आलंय कौतुक? दाणे टाकले की पाखरं येणारच.

लेकीने तो फोटो मलाच पाठवला. खाली लिहिलंय, "बाबा, काका कसले भारी आहेत ना!" लेक बावीस तारखेला घरी येतेय. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच चांगली आठवडाभर. आली की बघेलच कोण भारी ते.

मला कोणाचा हेवा वाटत नाही. तो माझा स्वभावच नाही.

३ डिसेंबर
जुनं प्लॅस्टिकचं झाड भंगारात दिलं. बायको म्हणाली, लेक रांगत होती तेव्हापासूनचं झाड, अजून वीस वर्षं टिकलं असतं, ते टाकून पर्यावरण कसं वाचलं? तिला मुद्दाच कळला नाही.

संध्याकाळी कुंडीतलं खरं झाड आणलं. कुठल्याशा लांबच्या डोंगरातून ट्रकने आलेलं, नखशिखांत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. ते प्लॅस्टिक दारातच काढून फेकलं. घरात प्लॅस्टिक नको म्हणजे नको. झाड अंगणात ठेवलं. साडूच्या खिडकीतून नीट दिसेल असं. म्हणजे तिथे ऊन चांगलं येतं.

५ डिसेंबर, लॅबमध्ये, दुपारी
मी कवळ्या करतो. गावातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी हसतात. साडूच्या विम्यामुळे कोणी हसल्याचं ऐकिवात नाही.

आज पाखरांसाठी दाण्याची थाळी केली. हिरड्यांना वापरतो तेच गुलाबी ॲक्रिलिक. हाताला वळण पडलेलं, त्यामुळे काठाला आपोआप हिरडीचा आकार आला. छान दिसतं. दातांचे डॉक्टर डोकावून म्हणाले, त्या आजींच्या कवळीचं काय झालं, बिचाऱ्या आठवडाभर सूप पितायत. म्हटलं, उद्या. निसर्गाचंही आपण काही देणं लागतो. डॉक्टर म्हणाले, आजीही निसर्गातच येतात.

रात्री बायको म्हणाली, "हे प्लॅस्टिकच ना?" म्हटलं, ॲक्रिलिक. ती कूस बदलून झोपली. पटलं असावं.

८ डिसेंबर
माळा बांधल्या. थाळी टांगली. सूर्यफुलाच्या बियांचं पोतं आणलं, सगळ्यात उंची. एकही पाखरू नाही. माझ्या अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या तारेवर बसतात, थाळीकडे बघतात आणि साडूच्या झाडावर जातात. बायको म्हणते, तो आ वासलेला जबडा बघून मीच दचकते, चिमणीचं काय घेऊन बसलात.

साडू कुंपणापाशी आला. "साडूभाऊ, पाखरांना नवी जागा अंगवळणी पडायला वेळ लागतो. धीर धरा." जसं काही हप्ता भरायला सांगतोय.

११ डिसेंबर
चिमणी आली!! बायकोला हाका मारून बोलावलं. चिमणीने इकडेतिकडे बघितलं, थाळीत शिटली आणि साडूकडे गेली. बायको म्हणाली, "निदान सही तरी करून गेली."

सुरुवात झाली म्हणायची.

१४ डिसेंबर
वाचलं की दिव्यांच्या माळांमुळे पतंग, वटवाघळं वगैरेंची दिशाभूल होते. लगेच सगळे दिवे काढले, व्हरांड्यातला बल्बसुद्धा. मग साडूला दोन शब्द सांगायला गेलो. समजुतीनेच. तर तो म्हणाला, आम्ही दिवे लावणं केव्हाच सोडलं, तुमच्या लक्षात आलं नाही का? आत मेहुणी जुन्या वर्तमानपत्रांत भेटवस्तू बांधत होती. रिबिनीऐवजी सुतळी, सुतळीत वाळलेली पानं. सुंदर दिसत होतं, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. फक्त मान्य केलं नाही.

परत येताना अंधारात स्वतःच्याच कुंडीवर आपटलो. अंगठा सुजला.

रात्री मीही भेटवस्तू बांधल्या, जुन्या चादरीत. चादर जुनी नव्हती, असं झोपताना कळलं.

१७ डिसेंबर
पाखरांना माझा पत्ताच माहीत नाही, हे खरं कारण. जाहिरात हवी. फोनवर पक्ष्यांचे आवाज मिळतात. उद्या झाडाखाली स्पीकर.

१८ डिसेंबर
सकाळी चिमण्यांचा किलबिलाट लावला. साडूच्या झाडावरच्या पाखरांनी चक्क माना वळवल्या. दोनतीन तारेवर आली. माझ्या छातीत धडधड. तेवढ्यात किलबिलाट संपला आणि फोनने आपल्या मनानेच पुढचा आवाज लावला. ससाण्याचा.

भर्रकन सगळी उडाली. माझ्या तारेवरची, साडूच्या झाडावरची. गल्लीत चिटपाखरू उरलं नाही. शब्दशः.

वाईट झालं. फार वाईट. मात्र आता दोन्ही झाडं सारखी दिसतात, हेही खरं.

१९ डिसेंबर
पाखरं ससाण्यामुळेच गेली की आणखी कशामुळे, याची शास्त्रीय खात्री करायला हवी होती. म्हणून सकाळी पुन्हा एकदा वाजवला. परतलेली दोनचार लगेच उडाली. खात्री झाली.

२० डिसेंबर
खात्री पक्की केली.

२१ डिसेंबर
साडूचं झाड रिकामं. तो सकाळभर खिडकीत चहाचा कप धरून बसून होता. चहा निवला तरी प्यायला नाही. मेहुणी बायकोला सांगत होती, फोटो आल्यापासून लोक मुलांना घेऊन बघायला येतात, आणि आता यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, दाणे खराब निघाले असतील. काल सगळे दाणे बदलले, झाडाखालची जागा धुतली.

मला झोप लागली नाही. अंगठा ठणकतोय.

२२ डिसेंबर
लेक आली! बॅग ठेवली, "बाबा, बारीक झालात" म्हणाली आणि दुर्बीण काढून थेट कुंपणापाशी. दुर्बीण पहिल्या पगारातून घेतलीय म्हणे. काकांची पाखरं बघायला. पलीकडे साडू मान खाली घालून म्हणाला, "यंदा नाही गं आली. माझंच काहीतरी बिनसलं." तिने दुर्बीण परत पेटीत ठेवली.

माझी थाळी दाखवली. म्हणाली, छान आहे, कोणाचे दात?

ससाणा फोनमधून काढून टाकला. तसाही जागा अडवत होता.

२४ डिसेंबर
पहाटे उठलो. पोतं उचललं, कुंपण ओलांडलं आणि साडूच्या झाडाखाली, फांद्यांवर, माळांमध्ये बिया पेरायला लागलो. पाखरं परत यावीत एवढंच मनात. आली की साडूला वाटेल आपणहून आली. कोणाला काही सांगायची गरज नाही.

स्वयंपाकघरातला दिवा लागला. खिडकीत मेहुणी. मी पोत्यासकट गुडघ्यावर.

ती म्हणाली, "भावोजी, हवे होते तर मागायचे होते."

म्हणजे मी दाणे चोरतोय! खरं सांगायचं तर ससाण्यापासून सांगावं लागलं असतं. मान हलवली आणि पोतं घेऊन परत आलो. चोर जसा येतो तसाच. नाश्त्याच्या आत ही बातमी बायकोपर्यंत. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "पाखरांचे दाणे? अहो, पाखरांचे?" थोड्या वेळाने साडूने एक पिशवी भरून दाणे पाठवले. वर निरोप की संकोच करू नका.

याहून त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं.

२५ डिसेंबर
सकाळी गलका ऐकून जाग आली. साडूचं झाड भरलं होतं. फांदी दिसेना. साडू अंगणात लहान मुलासारखा उभा, अंगावर स्वेटर उलटा. मेहुणीने डोळे पुसले. लोक केक घेऊन आले, फोटो काढले, सगळे म्हणाले, माणसाचा हातगुण असतो.

मी आमच्या व्हरांड्यात. लेक शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "बाबा, काका नेहमी बाजरी टाकतात. खाली सूर्यफुलाच्या बिया कशा आल्या? चोर घरचं नेऊन ठेवतो का?"

मग सांगितलं. चिमण्या, ससाणा, खात्री, पक्की खात्री. ती आधी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग हसणं थांबलं. म्हणाली, काका इतके दिवस स्वतःला दोष देत होते. त्यांना सांगा. आजच.

म्हटलं, आज सण आहे, त्याचा आनंद कशाला घालवायचा. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली बराच वेळ. समोर साडूच्या अंगणात इतकी गर्दी, आणि माझं तिकडे लक्षच नव्हतं. थोडंसं होतं.

२६ डिसेंबर, संध्याकाळ
साडूला सांगून टाकलं. निदान सांगायला सुरुवात केली. म्हटलं, साडूभाऊ, त्या पाखरांचं असं आहे... तेवढ्यात लेकीने हाक मारली, "बाबा, तुमच्या थाळीत कोणीतरी आलंय!"

उंदीर. गलेलठ्ठ. दोन पायांवर बसलेला, पुढच्या दोन्ही हातांत बी धरून सोलून खात होता. चारी बाजूंनी गुलाबी हिरड्या. ऐटीत. पाहुणा म्हणावा असा.

साडू खुर्ची घेऊन कुंपणाच्या अलीकडे आला. माझ्या शेजारी बसला. लेक दुर्बीण घेऊन पायरीवर. कोणी हललं नाही. साडू कुजबुजला, "इतकी वर्षं दाणे टाकतोय, माझ्याकडे हा कधी फिरकला नाही." त्याच्या आवाजात किंचित हेवा होता. हेवा कसा असतो हे मला ऐकूनच माहीत आहे, तरी ओळखू आला. मी मोठ्या मनाने म्हटलं, "चालायचंच."

उंदराने मिशा पुसल्या, थाळीतून उतरला, कुंपणाखालून पलीकडे गेला आणि साडूच्या झाडावर चढला.

साडूने खुर्ची उचलली आणि त्याच्यामागे गेला. लेकही गेली, दुर्बीण घेऊन.